दोन रोट्यांच्या मधला हात

सीताबर्डीत, व्हरायटी चौकाच्या अलीकडे, ब्लाउजपिसांच्या एका ठेल्यापुढे माझा उजवा हात एकदम वर उठला आणि कोपरापासून थडथड उडायला लागला. शेजारच्या बाईने हातातली पिशवी खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. "कोणती माय आली वं?" तिने विचारलं. अदबीने विचारलं, तेच जास्त झोंबलं. नवरात्राचे दिवस. तिच्या पिशवीत हळदकुंकवाच्या पुड्या होत्याच. त्यातली एक फोडून तिने चिमूट माझ्या कपाळाकडे आणली. मागून कोणीतरी ओरडलं, "ऊद आणा गा कोणी, ऊद!" मी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. "माय नाही आली बाई, मोटर आली," मी म्हटलं आणि शर्टाची बाही सारून दाखवली. लोखंडी पट्ट्या, कोपराजवळची काळी डबी, दंडावर चिकटवलेल्या दोन चकत्या. बाई दोन पावलं मागे सरकली. देवीला ती भ्यायली नव्हती, मशीनला भ्यायली. ठेलेवाला हसला. "मावशी, चार्जिंग जास्त झाली वाटते!" "तुह्या तोंडाले कमी झाली असंन तर ये, लावून देते," मी म्हटलं आणि डबीवरचं लाल बटन दाबलं. मोटर मेली आणि हात ओल्या गोणपाटासारखा मांडीवर आपटला.

आमच्या घरात छप्पन सालापासून कोणाच्या अंगात कोणी येत नाही. आजा दीक्षाभूमीवर उभा राहून जे बोलला ते त्याने पाळलं, त्याच्या पोरांनी पाळलं, मी पाळते. आणि एवढं करून भर बर्डीत एक बाई माझ्या पाया पडते. मेट्रोत खिडकीला टेकून बसले तरी पायाच्या अंगठ्यावर तिची बोटं जाणवत होती, गरम आणि थोडी चिकट. खरी गोष्ट तिला सांगितली असती तर तिला ती देवीपेक्षा अवघड वाटली असती. माझ्या दंडात जी नस आहे ती दंडाची नाहीच. ती फासळ्यांमधून आणलेली आहे. एकोणीस महिन्यांपूर्वी वर्धा रोडवर मी धम्मानंदच्या, माझ्या पोराच्या, गाडीवर मागे बसले होते. खड्डा आला, तो वाचला, मी उजव्या खांद्यावर पडले. मान एकीकडे ताणली गेली, खांदा दुसरीकडे, मधल्या नसा मुळासकट उपटल्या. बोटं हलायची, कोपर मात्र वाकेना. डॉक्टरांनी श्वासाची एक नस उचलली आणि दंडाला जोडली. म्हणून मी खोल श्वास घेतला की दंडात बारीकशी हालचाल होते. खोकले की होते. आणि कोणाला शिवी द्यायला छाती भरली की सगळ्यात जास्त होते. बर्डीत एका मोटरसायकलवाल्याने पाठीला चाक लावून हॉर्न वाजवला होता. मी श्वास भरला होता. बाकी सगळं मशीनने केलं.

धम्मानंद तेव्हापासून माझ्या हाताकडे बघत नाही. बुटीबोरीच्या कंपनीतून येतो, जेवतो, माझ्याशी बोलतो, पण डाव्या बाजूला बसून. मी त्याला काही म्हणत नाही. म्हटलं तर तो रडेल, आणि पन्नाशीनंतर मला पोराच्या रडण्याचं काम नको आहे. मला रोटीचं काम पाहिजे.

लांब रोटी. ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळत नाही, पण सांगते. गहू धुऊन वाळवायचा, दळायचा, पीठ फडक्यातून चाळायचं. मग मीठ-पाणी घालून कणीक एवढी सैल करायची की दुसऱ्या कोणाला वाटेल बिघडली. ती परातीत अर्धा तास आपटायची. उचलायची, आपटायची, उचलायची, आपटायची, जोवर तिला तार सुटत नाही. मग एक गोळा दोन्ही तळव्यांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर नाचवायचा. तो स्वतःच्याच वजनाने लांब होतो, मनगटावरून उतरतो, कोपरापर्यंत येतो, पातळ होतो, इतका की पलीकडची चूल दिसावी. आणि तुटायच्या आधी, त्या एका क्षणाच्या आधी, तो चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायचा. हे करताना हात कधीच थांबत नाहीत. थांबला हात की फाटली रोटी. बाराव्या वर्षापासून मी हे करत आले. मनीषनगरला आमचा टिनाचा ठेला आहे. संध्याकाळी सावजी मटणवाले, पार्टीवाले, घरी पाहुणे आलेले, सगळे रोट्या न्यायला येतात. एकोणीस महिने मेघा, माझी सून, तिथे बसते. हुशार आहे, पण तिची रोटी कोपराच्या अलीकडेच थांबते. गिऱ्हाईक काही बोलत नाही. नुसतं पूर्वीपेक्षा कमी येतं.

माझी आई धरमपेठेतल्या बंगल्यांवर जायची, लग्नाच्या, बारशाच्या जेवणावळींना. मागच्या दाराने. चूल मागच्या अंगणात. प्यायचं पाणी आम्ही घरून न्यायचो, कारण आतल्या नळाचं नाव काढलं की आतल्या बायकांचे चेहरे बंद व्हायचे. मी आईच्या शेजारी बसून गोळे द्यायचे. पाहुणे गोल करून उभे राहायचे आणि आईचे हात बघायचे, मदाऱ्याचे बघतात तसे. वा वा. काय हात आहेत. मग रोट्या आत जायच्या आणि आम्ही बाहेर. त्यांना हात चालत होते, हातामागची बाई चालत नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं. आई म्हणायची, चेहरा नीट ठेव. मी ठेवला नाही. एकदा एका काकूने विचारलं, पोरीला राग आला का गं? मी म्हटलं, आला. आईने तिथेच पाठीत धपाटा घातला. पण घरी जाताना रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला होता. तिचा तळवा कोरडा, पिठाने तडकलेला, आणि धडधडत असलेला, जणू त्याच्या आत अजून रोटी चाललेली होती.

बर्डीहून घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चुलीवर मडकं तापत होतं, मेघा परात पुढ्यात घेऊन कणीक आपटत होती. तिला सांगितलं काय झालं ते. ती हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. "आई, जोर कमी करायले सांगा ना ऋषिकेशदादाले." ऋषिकेश म्हणजे ज्या कॉलेजच्या लॅबने हे मशीन मला वापरून बघायला दिलं तिथला पोरगा, अकोल्याचा, डॉक्टरकी करतो आहे पण माणसांची नाही, मशीनची. गेल्या आठवड्यात मीच त्याच्या मागे लागून मोटरचा जोर वाढवून घेतला होता. तेव्हाच त्याने सांगितलं होतं. "मावशी, तुमची मसल थोडासा सिग्नल देते, मोटर त्याच्यावर जोर लावते. पण मोटरले एक झपका उशीर होते. तोवर हात वर गेला असते, मसल दचकते, उलटा सिग्नल देते. मोटर पुन्हा उशिरा उलटी फिरते. असं चालू राह्यते." मला ते लगेच कळलं होतं. अरुंद गल्लीत समोरून माणूस येतो, तुम्ही डावीकडे सरकता, तोही तिकडेच सरकतो, तुम्ही उजवीकडे, तोही उजवीकडे. दोघं भले, दोघांना वाट द्यायची आहे, आणि दोघंही जाग्यावर नाचत राहतात.

पण तीन वाजता, कणकेचा तो वास आला. ओल्या गव्हाचा, थोडा आंबूस. माझ्या मनात काही योजना नव्हती. मी बटन दाबलं. हात उठला, उडायला लागला. मेघा म्हणाली, "काहून वं आई, काहून?" मी उडता हात तसाच परातीत खुपसला.

आणि तो शांत झाला.

कसा शांत झाला ते सांगता येत नाही. रडणारं लेकरू छातीला लावल्यावर एकदम चूप होतं आणि मग एक लांब श्वास सोडतं, काहीसा तसा. कणीक त्याला मागे ओढत होती, सगळ्या बाजूंनी, हळू, जड. मोटर जोर लावायची, कणीक तो जोर खाऊन टाकायची. मी गोळा उचलला. डाव्यावर घेतला, उजव्यावर घेतला. उजव्यावर आला तेव्हा त्याचं वजन खाली ओढायला लागलं, मी श्वास भरला, कोपर वाकलं. वेळेवर वाकलं. रोटी मनगटावरून उतरली. पलीकडे मेघाचं तोंड दिसत होतं, पिठाच्या पातळ पडद्यातून, उघडं. पहिली फाटली. दुसरी फाटली. तिसरी कोपरापर्यंत आली आणि मडक्यावर बसली, फुगली, तिच्यावर तपकिरी डाग उठले. मी बाजूच्या पोत्यावर बसले. एकोणीस महिने माझा हात माझ्याजवळ नुसता राहायला होता, पाहुण्यासारखा. आज तो कामाला लागला. मेघाने रोटी घडी करून माझ्यापुढे ठेवली. आम्ही दोघींनी ती खाल्ली नाही. बघत बसलो.

म्हणून मला वाटलं, लॅबवाल्यांना सांगितलं की ऐकतील. एवढ्या वयात एवढा मूर्खपणा. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मिनल मॅडमनी लॅपटॉपवर आदल्या दिवशीची, डबीत नोंदलेली माझ्या हाताची रेघ पाहिली. त्या फिजिओथेरपीच्या, सगळं काम त्यांच्या हाताखाली चालतं. बर्डीच्या वेळेला रेघ करवतीच्या दातांसारखी झाली होती. "जयवंताबाई, हे बघा. हे अनस्टेबल आहे. असं असेल तर मशीन मी तुमच्याकडे ठेवूच शकत नाही." मी म्हटलं, "त्याच्या पुढची रेघ पाहा ना मॅडम. तीन वाजताची." त्यांनी पाहिली. ती रेघ लाटांसारखी होती, एकसारखी, एकामागे एक. "हे काय करत होतात?" "रोटी." त्यांनी रेघ मागे-पुढे सरकवून पाहिली. मग म्हणाल्या की चाचणीचा नियम ठरलेला आहे: अर्धा भरलेला पाण्याचा ग्लास टेबलावरून उचलायचा, तोंडाशी न्यायचा, परत ठेवायचा. ग्लासावर जे स्थिर, ते स्थिर. रोटी नियमात नाही. माझ्याआधी त्यांच्या एका पेशंटचं मनगट असंच मोटरने उडून भिंतीवर आपटलं होतं, मोडलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ऋषिकेशला जोर निम्म्यावर आणायला लावला आणि वरून माझा सिग्नल चाळायला लावला, म्हणजे श्वासाची, खोकल्याची, रागाची सगळी थरथर काढून टाकायची आणि उरलेलं मोटरला द्यायचं. मी म्हटलं, "पीठ मीही चाळते मॅडम. चाळणी किती बारीक घ्यावी, हे गहू पाहून ठरवते." ऋषिकेश खाली मान घालून हसला. मॅडम हसल्या नाहीत. गुरुवारी समितीचे लोक येणार होते, पैसे देणारे. घरी, कामाच्या जागी मशीन कसं चालतं ते बघायला. पास झालं तर मशीन माझ्याकडे राहील. नाही तर परत.

चाळलेल्या हाताने मी तीन दिवस काढले. वाईट होते ते दिवस. हात उडत नव्हता, मान्य. मी वेणी घातली, दात घासले. पण प्रत्येक वेळी मी आधी जायचे आणि हात मागून यायचा, घरातल्या म्हाताऱ्यासारखा, ऐकलं ऐकलं म्हणत. मला राग यायचा, छाती भरायची, आणि हात काहीच म्हणायचा नाही. असं वाटायचं, की माझं आणि त्याचं बोलणं मधे कोणीतरी उभं राहून ऐकतंय आणि त्याला पटेल तेवढंच पुढे सांगतंय. कणकेत घातला तर गोळा मनगटावरून घसरून परातीत पडायचा. कोपर वाकेपर्यंत रोटी मेलेली असायची. मेघा पुढे वाकायची. पडलेला गोळा उचलून पुन्हा मळायची.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता ठेल्यावर चार माणसं आली. समितीचे मोठे डॉक्टर मनोहरराव, सोबत फाइल धरलेला एक जण, मिनल मॅडम आणि ऋषिकेश. मॅडमनी घडीचं टेबल आणलं होतं, ग्लासही स्वतःचा. चूल पेटलेली होती, मडकं तापलेलं, परातीत कणीक तयार. मी ग्लास उचलला. तोंडाशी नेला. ठेवला. एक थेंब सांडला नाही. फाइलवाल्याने टाळी वाजवली. मनोहररावांनी विचारलं, "कसं वाटतं, मावशी?"

"मेल्यासारखं," मी म्हटलं.

मॅडमचा चेहरा पडला. मनोहरराव हसले, त्यांना वाटलं मी गंमत केली. मी गंमत केली नव्हती. मी म्हटलं, "डॉक्टर साहेब, पाणी तर मी डाव्या हातानं पण पिते. त्याच्यासाठी एवढी मशीन कायले पाह्यजे? मी काय करते ते तुम्ही पाह्यलं नाही." आणि मी कणकेत हात घातला, गोळा उचलला. तो घसरला. परातीच्या काठावर आपटला आणि थोडा मनोहररावांच्या बुटावर गेला. "अरे अरे," फाइलवाला म्हणाला. "पाह्यलं?" मी म्हटलं. "हे तुमचं स्थिर. आता ऋषिकेश, जोर पहिल्यासारखा कर."

मॅडम म्हणाल्या, "नाही. ऋषिकेश, नाही." चूल जवळ होती, त्या बरोबरच होत्या. ऋषिकेश उभा होता, लॅपटॉप पोटाशी धरून. मी त्याच्याकडे पाहिलं. विनवणी केली नाही. विनवणी केली असती तर त्याने दया केली असती, आणि दयेने वाढवलेला जोर मला नको होता. तो पुढे आला, टेबलावर माझा हात सरळ ठेवला, डबीच्या खालून वायर लावली, काहीतरी दाबलं. मग वायर काढून खिशात टाकली. "मावशी," तो हळू म्हणाला, "चाळणीबी काढली."

हात उठला. उडाला, बर्डीत उडाला त्याहून जोरात. ग्लास टेबलावरून गेला, फुटला. फाइलवाला रस्त्यावर जाऊन उभा राहिला. "बंद करा!" मनोहरराव ओरडले. परात तीन हातांवर होती आणि मधे चूल. ते तीन हात मी गेले. हात माझ्या खांद्याला लटकून मला मागे-पुढे खेचत होता, एकदा मडक्याच्या अगदी जवळून गेला, धग लागली. मेघा उठली, मी म्हटलं, "बस तू." छातीत श्वास होता, भीतीही होती. मी भीती लपवत नाही. मी गुडघ्यावर बसले आणि हात परातीत दाबला.

शांत.

 मी गोळा घेतला. डावा, उजवा, डावा, उजवा. कणीक लांबली, मनगट ओलांडलं, कोपराला लागली, काळ्या डबीवरून घसरली आणि तरी फाटली नाही. मी ती मडक्यावर टाकली. टाकल्याबरोबर हात रिकामा झाला आणि पुन्हा उडाला. मी त्याला परत परातीत घातला. दुसरी रोटी. तिसरी. मनोहरराव खाली बसले, उकिडवे, बुटावरची कणीक तशीच. त्यांनी खूप वेळ पाहिलं. डॉक्टर होते शेवटी. त्यांना कळलं होतं. त्यांनीच म्हटलं, "कणीक डॅम्पिंग देते आहे, मिनल, झटके जिरवते आहे. भरल्या हाताने हे स्टेबल आहे." मॅडमनी मान हलवली. "पण मधे?" मनोहरराव म्हणाले. "दोन रोट्यांच्या मधे हात रिकामा होतो, तेव्हा उडतो. चुलीपाशी उडतो. हे मी पास कसं करू, मावशी? भाजाल तुम्ही."

मी डावा हात, चांगला हात, त्यांच्यापुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहेत, पांढरे, तपकिरी, काही चाळीस वर्षांचे. "हे पाहा. हे मशीन यायच्या आधीचे आहेत. तेव्हा कोणती समिती नाही आली." त्यांनी डाग पाहिले. त्यांनी नजर वळवली नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. "दोन रोट्यांच्या मधे जो उडते तो माहा हात आहे जी. उडू द्या. तेवढ्या वेळाची मी मालकीण."

"मला समजतं," ते म्हणाले. खरंच समजत असावं. तरीही ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "पण मला सही करायची असते. मिनल, जोर खाली घ्या. मशीन त्यांच्याकडेच राहू दे, कमी जोरावर. हे मी एवढंच करू शकतो." त्यांच्या आवाजात मेहेरबानी होती, आणि ती खरी होती, आणि मला तिचा वीट आला. ऋषिकेशने खिशातून वायर काढली नाही. मॅडमनी त्याच्या पुढे हात धरला, तेव्हा काढली. मॅडम माझ्याजवळ आल्या. "जयवंताबाई, हात टेबलावर ठेवा. सरळ. वायर लावायला हात निपचित लागतो."

"हात भरला आहे," मी म्हटलं.

"ही झाली की ठेवा."

मी चौथी टाकली आणि उडता हात परातीत घातला, पाचवीचा गोळा उचलला. मॅडम वायर धरून उभ्या. टेबलाकडे मी पाहिलं नाही. मला घाई नव्हती. सहावी मी मुद्दाम लांब केली, कोपराच्या वर, दंडावरच्या चकत्यांपर्यंत, एवढी मी अपघाताआधीही क्वचित केली असेल. रस्त्यावर दोन-तीन गिऱ्हाईकं थांबली होती. एक म्हणाला, "मावशी, आज सकाळीच का? दहा बांधा माह्या." मनोहररावांनी घड्याळ पाहिलं. डबीवरचा हिरवा दिवा जळत होता, बॅटरीत अजून दीड तास होता. परातीत कणीक उरली होती आठ रोट्यांची, फार तर नऊ. मी ती डोळ्यांनी मोजली. मॅडमनीही मोजली, मला दिसलं. सातवी. आठवी. हात आता माझ्या श्वासावर चालत होता, की श्वास हातावर, मला सांगता आलं नसतं.

 मेघाने कोपऱ्यातली दुसरी परात पायाने पुढे ओढली, पिठाचा डबा उघडला, पाणी ओतलं आणि कणीक आपटायला लागली.